क्रेडिट सारखं, तास दुप्पट

संपादक महोदय,

बारावीचे निकाल लागले की शिक्षण पुरवण्यांमध्ये ‘आता एकाच वेळी दोन पदव्या’ असे लेख हमखास येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये तशी मुभा दिली, तेव्हापासून दर वर्षी हे पीक येतं. लेखात जोड्या सुचवलेल्या असतात आणि त्यात अलीकडे ‘गणित आणि कला’ ही जोडी आवर्जून असते. वाचायला ती फार छान वाटते. मी पदवीच्या वर्गांना गणित शिकवून निवृत्त झाले आणि शेवटची काही वर्षं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना भूमिती शिकवायलाही जात होते, म्हणून या जोडीबद्दल लिहिते आहे. माझा तिला विरोध नाही, उलट फार थोड्या जोड्या इतक्या चांगल्या जमतात. तक्रार एवढीच, की लेख वाचून उत्साहात आलेल्या मुलामुलींच्या हातात कुणी वेळापत्रक ठेवत नाही.

इथे कला म्हणजे ललितकला, तिची बीएफए ही पदवी, स्टुडिओतलं काम. इतिहास किंवा साहित्य घेऊन बीए करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना दोन्हीकडे लेक्चरंच ऐकायची असतात, त्यामुळे तास बसवणं पुष्कळ सोपं जातं.

आधी मुभा काय आहे ते पाहू. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात, मात्र दोन्हींच्या तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. नाहीतर एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. दूरस्थ असेल तर संस्थेला त्यासाठीची मान्यता हवी. पीएचडीला यातलं काही लागू नाही. नियम एवढाच आहे.

आता हिशेब. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात लेक्चरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटांची आणि चार वर्षांची १६० ची, म्हणजे सेमिस्टरला साधारण २० क्रेडिटं. गणिताची २० च्या २० लेक्चरची धरली तर ३०० तास झाले. बीएफएची १६ स्टुडिओची आणि ४ कलेच्या इतिहासासारख्या विषयांची धरू. त्याचे ४८० आणि ६०, मिळून ५४० तास. दोन्ही पदव्यांची बेरीज ८४०. सेमिस्टर १५ आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला ५६ तास. रविवार सोडला तर रोजचे नऊ तासांहून जास्त, आणि तेही फक्त वर्गात असण्याचे. घरी सोडवायची गणितं, स्केचिंग, जाणंयेणं, यातलं काही धरलेलं नाही. क्रेडिटांची वाटणी प्रत्येक कॉलेजात थोडी इकडेतिकडे असेल, पण त्याने ५६ चे ३६ होत नाहीत.

त्यातच एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिटं ज्या खात्यात जमा होतात त्या क्रेडिट बँकेतून एका पदवीसाठी वापरलेली क्रेडिटं खात्यातून वजा होतात, ती दुसरीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. पर्यावरण शिक्षणासारखे सगळ्यांनाच असलेले विषय त्यामुळे दोन्हीकडे करावे लागणार. एकाच प्रदूषणावर दोनदा असाइनमेंट लिहायची हौस कुणाला असेल तर गोष्ट वेगळी.

परदेशात जिथे ही जोडी विचारपूर्वक रचली आहे तिथे काय करतात ते पाहावं. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन यांचा संयुक्त कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. दोन्ही संस्था एकाच शहरात, शेजारीशेजारी. विद्यार्थ्याला दोन्हीकडे स्वतंत्रपणे प्रवेश मिळवावा लागतो आणि शेवटी दोन पदव्या मिळतात. मुदत पाच वर्षं. एवढ्या सोयी असूनही त्यांनी ‘चार वर्षांत दोन्ही’ असं म्हटलेलं नाही. आपल्याकडे मात्र ‘वर्ष वाचतं’ हाच या योजनेचा मोठा फायदा म्हणून सांगितला जातो. ही जोडी निवडणाऱ्याने पाच वर्षं धरूनच चालावं.

पाच वर्षं धरली की दोन्ही पदव्या एकाच वर्षी सुरू करायचं कारण उरत नाही. माझं मत असं, की गणिताला पहिल्या वर्षी प्रवेश घ्यावा आणि बीएफएला दुसऱ्या वर्षी. म्हणजे तीन वर्षांची गणिताची पदवी पहिल्या ते तिसऱ्या वर्षात बसते आणि चार वर्षांची बीएफए दुसऱ्या ते पाचव्या वर्षात. दोन्हींचा भार एकदम येतो तो दोनच वर्षं. पहिल्या वर्षी गणितात शाळेतल्या कॅल्क्युलसचा धागा पुढे चालू राहतो आणि संध्याकाळी हातात वही-पेन्सिल घेऊन बीएफएच्या प्रवेश परीक्षेची तयारी होते. शिवाय शेवटची दोन वर्षं, जेव्हा स्टुडिओत स्वतःचा विषय निवडायचा असतो, तेव्हा गणित पूर्ण झालेलं असतं. ते चित्रात, शिल्पात, छपाईत वापरायला मोकळीक मिळते. उलटं केलं, म्हणजे बीएफए आधी आणि गणित एक वर्षाने, तर तीन वर्षं दोन्ही एकदम चालतील आणि गणिताचं शेवटचं वर्ष नेमकं अंतिम प्रदर्शनावर येईल.

अडचण मधल्या दोन वर्षांची आहे. गणितातले विषय एकावर एक उभे असतात. कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जिब्रा झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रियल अनॅलिसिसचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसऱ्याला बसणं व्यर्थ, आणि त्याच्याशिवाय टोपॉलॉजी म्हणजे नुसती पाठांतराची शिक्षा. ग्रुप थिअरी नसेल तर रिंग थिअरी नाही. बहुतेक कॉलेजांत यातला प्रत्येक विषय वर्षातून एकदाच शिकवतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये अनॅलिसिसचा तास हुकला तर जानेवारीत तो भरून काढता येत नाही, थेट पुढचा ऑगस्ट. एटीकेटी घेऊन वरच्या वर्गात बसता येतं हे खरं, पण डोक्यात पोकळी ठेवून बसावं लागतं. म्हणून आखणी करताना गणिताची ही साखळी आधी कागदावर मांडावी आणि तिच्याभोवती कलेचे तास बसवावेत. कलेला कमी लेखून हे म्हणत नाही. स्टुडिओत यंदा शिल्प आणि पुढच्या वर्षी मुद्राचित्रण असा क्रम बदलायला शिक्षक कधीमधी तयार होतात. अनॅलिसिसच्या आधी टोपॉलॉजी ठेवायला कुणी तयार होणार नाही.

आमच्याकडची एक विद्यार्थिनी सकाळी बीएस्सी आणि दुपारी दुसऱ्या संस्थेत बीएफए करत होती. प्रवेश घेताना दोन्हीकडच्या वेळा नीट वेगळ्या होत्या. तिसऱ्या सेमिस्टरला ग्रुप थिअरीचा तास वर्गखोली नाही म्हणून दुपारी गेला आणि तिकडे त्याच वेळी एचिंगचं, म्हणजे पत्र्यावर ॲसिडने चित्र कोरून ते छापण्याचं, प्रॅक्टिकल होतं. एचिंग कसं चालतं ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जस्ताच्या पत्र्यावर मेणासारख्या ग्राउंडचा थर द्यायचा. तो सुकल्यावर सुईने ओरखडे काढत चित्र काढायचं आणि पत्रा सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथे ओरखडा तिथेच ॲसिड धातू खातं. रेघेवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच बाजूला सारावे लागतात. जिथे रेघ फिकी हवी तिथे पत्रा बाहेर काढून, धुऊन, वाळवून वार्निश लावायचं आणि उरलेला भाग पुन्हा बुडवायचा. पत्रा एकदा ॲसिडात गेला की तो किती वेळ ठेवायचा हे रेघेच्या खोलीवर ठरतं, कॉलेजच्या घंटेवर ठरत नाही. अशा कामातून चाळीस मिनिटांसाठी उठून ग्रुप थिअरीतल्या सायलोंच्या प्रमेयांना जाऊन येणं शक्य नसतं. तिने दोन्ही कार्यालयांत अर्ज दिले. इकडून उत्तर आलं की वेळापत्रक बदलण्याचा अधिकार कॉलेजचा आहे. तिकडून आलं की हजेरीत सवलत नाही. दोघांचंही नियमाप्रमाणे बरोबर होतं. तिने गणित सोडलं. ती वर्गातल्या पहिल्या तिघांत होती.

अशा वेळी समुपदेशक एक ठरलेला सल्ला देतात: कला प्रत्यक्ष करा, गणित दूरस्थ करा; गणिताला काय, पुस्तक आणि वही पुरते. याचा पहिला भाग मला मान्य आहे. छपाईचं प्रेस, मातीची भट्टी, न्यूड मॉडेल घरी आणता येत नाही. दुसरा भाग मात्र गणित न केलेल्या माणसाचा आहे. उदाहरणार्थ, शून्य आणि एक यांच्यामध्ये १/क्ष हे फलन प्रत्येक बिंदूपाशी संतत आहे, म्हणजे कुठेही तुटत नाही, हे सिद्ध करायचं आहे. दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं उत्तर लिहिताना एप्सिलॉन (फलनाच्या किमतीत चालणारा फरक) दिल्यावर एकच डेल्टा (त्यासाठी बिंदूपासून किती दूर जाता येतं ते अंतर) निवडतात आणि तो सगळ्या बिंदूंना लावून मोकळी होतात. शून्याच्या जवळ जाल तसा डेल्टा लहान लहान करत न्यावा लागतो, तो बिंदूवर अवलंबून आहे. मुलांनी सिद्ध करायला घेतलं ते एकसमान सांतत्य, म्हणजे सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा चालणं, आणि ते इथे मुळात खरंच नाही. पुस्तकातली सिद्धता वाचताना हे सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः लिहिलेल्या सिद्धतेतली ही चूक स्वतःला दिसत नाही, कारण ओळ न् ओळ ‘बरोबर’ असते आणि फक्त कोण कुणानंतर निवडला हा क्रम चुकलेला असतो. ती लाल पेनाने दुसऱ्याच कुणीतरी दाखवावी लागते. दूरस्थ गणित करायचंच असेल तर जरूर करावं, पण दर आठवड्याला आपल्या चार सिद्धता वाचून त्यांवर खुणा करणारा माणूस आधी गाठून ठेवावा. निवृत्त शिक्षक हे काम आनंदाने करतात. आम्हाला दुसरं काय असतं?

सगळ्यांना दोन पदव्यांची गरज असते असंही नाही, आणि हे त्या लेखांत कधीच नसतं. १२० क्रेडिटांच्या पदवीत दुसऱ्या विषयाची २४ क्रेडिटं मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेता येतात, १६० च्या पदवीत ३२. दुसरा विषय मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणूनच हवा असेल तर किमान ४८ किंवा ६४ क्रेडिटं. ललितकला आणि गणित एकाच छत्राखाली असलेली विद्यापीठं थोडी आहेत, पण आहेत. ज्या मुलीला ॲनिमेशन किंवा नक्षीकामासाठी गणित हवं आहे तिला लिनियर अल्जिब्रा, भूमिती आणि थोडी ग्रुप थिअरी पुरेशी आहे. एकात एक बसणाऱ्या आकृत्यांच्या नक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेला डच चित्रकार एशर याने गणिताची पदवी घेतलेली नव्हती. सपाट पृष्ठावर पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने १७ च प्रकार असू शकतात, हे रशियाच्या फेडोरोव्हने १८९१ मध्ये सिद्ध केलं. गणितज्ञ पोल्याने १९२४ मध्ये ते स्वतंत्रपणे मांडलं आणि सोबत १७ नक्ष्या काढून दाखवल्या. एशरने त्या नक्ष्या वहीत उतरवून घेतल्या. पोल्याच्या लेखातली बीजगणिताची भाषा त्याला समजत नव्हती, चित्रं समजली, आणि तेवढ्यावर त्याचं काम झालं. दोन स्वतंत्र पदव्या घ्याव्यात त्या पुढे गणितात एमएस्सी आणि कलेत एमएफए, दोन्ही दारं उघडी ठेवायची असलेल्यांनी. ‘एकात नाही जमलं तर दुसरं आहेच’ म्हणून पालकांनी लावलेल्या जोडीत मी मुलांना दोन्हीकडे मागे पडताना पाहिलं आहे.

मग दोन्ही करणाऱ्याला मिळतं काय? याचं उत्तर म्हणून सोनेरी गुणोत्तराचं (सुमारे १.६१८) नाव घेणाऱ्यांपासून देव वाचवो. गणित आणि कला यांवरचं एकही चर्चासत्र सूर्यफूल आणि अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराशिवाय पार पडत नाही. सूर्यफुलाचं ठीक आहे, पार्थेनॉनचं मोजमाप कुठून कुठे घ्यायचं हे आधी ठरवून मग गुणोत्तर काढलेलं असतं. छंद:शास्त्रातल्या मात्रा मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात १, २, ३, ५, ८ ही मालिका सांगितली, ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्या फिबोनात्चीच्या आधी, हे खरं आहे आणि सुंदरही आहे. पण तेवढ्यासाठी पाच वर्षं घालवायची गरज नाही.

चित्रकलेच्या वर्गात मी करून घेत असे ते एक काम सांगते. फरशांची जमीन काढा, समोरून पाहिलेली, क्षितिजरेषेपर्यंत. मुलांचा हात चांगला असतो, काम झपाट्याने होतं. पहिली आडवी रेघ क्षितिजाच्या निम्म्या उंचीवर, दुसरी उरलेल्या अंतराच्या निम्म्यावर, तिसरी पुन्हा उरलेल्याच्या निम्म्यावर. दिसायला ठीक दिसतं. मग मी म्हणे, आता फरशांच्या कोपऱ्यांतून तिरका कर्ण काढा. कर्ण दुसऱ्याच फरशीपाशी मोडतो. खऱ्या जमिनीवर कर्ण सरळ असतो, सरळ रेघ चित्रात सरळच यायला हवी, म्हणजे रेघा चुकल्या. हीच कर्णाची कसोटी इटलीच्या आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या ग्रंथात दिली आहे, आणि अंतरं ठरावीक प्रमाणात आखडत नेणाऱ्या चित्रकारांना तिथेच फटकारलं आहे. बरोबर उत्तर समरूप त्रिकोणांतून येतं, नववी-दहावीचं गणित. सोयीसाठी फरशीची लांबी आणि चित्रापासून डोळ्याचं अंतर एकच धरलं, तर रेघा क्षितिजाच्या उंचीच्या १/२, २/३, ३/४, ४/५ वर येतात. मधली अंतरं १/२, १/६, १/१२, १/२०. पुन्हा कर्ण काढा. सरळ.

दोन पदव्या करणारा विद्यार्थी इथे थांबत नाही. प्रक्षेपणात लांबी टिकत नाही, गुणोत्तरही टिकत नाही, मग टिकतं तरी काय, हा प्रश्न त्याला पडतो. एका रेषेवरच्या चार बिंदूंचं दुहेरी गुणोत्तर (अंतरांच्या दोन गुणोत्तरांचं गुणोत्तर) टिकतं हे त्याला प्रक्षेपीय भूमितीत कळतं. मग तो संध्याकाळी स्टुडिओत जाऊन मुद्दाम डोळ्याच्या दोन वेगवेगळ्या जागा धरून एकच जमीन काढतो आणि ती कुठे फाटते ते पाहतो. असं करणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याचा कागद खराब झाला होता. चित्र माझ्याकडे आहे.

आता आपल्याकडे आणि कॉलेजांकडे मागणी. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या आधी तीन गोष्टी संकेतस्थळावर टाकाव्यात. कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला शिकवला जातो आणि त्याआधी काय झालेलं असावं लागतं. तास कुठल्या वेळेत असतात आणि ती वेळ वर्षभर बदलणार नाही अशी लेखी हमी मिळते का. परीक्षा, सबमिशन आणि ज्युरी (कलेच्या कामाचं परीक्षण) कुठल्या आठवड्यात असतात. तिसरी बाब सर्वांत दुर्लक्षित आहे. दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षा नोव्हेंबरात येतात, आणि अनॅलिसिसच्या पेपरच्या आदल्या रात्री बारा चित्रं माउंट करत बसलेला विद्यार्थी कुठल्याच विषयाला न्याय देऊ शकत नाही. एका कॉलेजने ज्युरी आठवडाभर पुढे घेतली तर कुणाचं काही बिघडत नाही, फक्त तसं विचारायला कुणाकडे जायचं ते मुलांना माहीत हवं. दोन पदव्या करणाऱ्यांसाठी प्रत्येक कॉलेजात एका शिक्षकाचं नाव ठरलेलं असावं. या कामाला वेगळा निधी लागत नाही.

आपल्या पुरवणीने यंदा जोड्यांची यादी छापण्याऐवजी खऱ्याखुऱ्या दोन कॉलेजांची वेळापत्रकं शेजारीशेजारी छापावीत, सेमिस्टरवार, तासांसकट. अर्धं पान पुरेल. आखायला मदत हवी असेल तर मी करीन.

आपली,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका